थोरल्याची ज्वारी

आमच्या घरात भुकेने मेलेल्या एका पोरीची गोष्ट दर वर्षी मोठ्या अभिमानाने सांगितली जायची. सांगणारे माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे. ऐकणारी मी, आणि पाठमोरी बसून भाकरी थापणारी आई. मी एकुलती एक, त्यामुळे ऐकायचं काम दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी त्या पोरीएवढीच असेन, आणि मला भयंकर राग आला होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

गोष्ट दादांच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या खापरपणजोबांची. घरात त्यांना नुसतं ‘थोरला’ म्हणत. इतक्या जुन्या माणसाला अहोजाहो करायची आमच्याकडे रीत नाही. देवाला जसं अरेतुरे करतात, तसंच थोरल्याला.

थोरला सोलापूर जिल्ह्यातला, भीमेकाठचा शेतकरी. राज्य इंग्रजांचं होतं, पण त्याच्या गावाला साहेब कधी दिसला नाही, सारा भरायचा हुकूम तेवढा वेळेवर यायचा. काळी जमीन, दोन बैल, मातीच्या धाब्याचं घर, बायको आणि पाच-सहा वर्षांची एक पोरगी. वर्षाला एकच पीक, शाळूची ज्वारी. तिचा दाणा मोत्यासारखा होता असं दादा सांगायचे. दादा आपल्या घरच्या कुठल्याही गोष्टीला मोत्यापेक्षा कमी ठरवत नसत, तेव्हा ते थोडं कमी करून घ्यावं.

या ज्वारीचं बी राखायची थोरल्याची एक पद्धत होती. काढणीच्या आदल्या दिवशी तो एकटाच उभ्या पिकात शिरायचा. अख्खा दिवस फिरायचा, कणसं हातात धरून बघायचा, आणि मनास येईल त्या ताटाला चिंधी बांधायचा. त्या दिवशी तोंडात अन्नाचा कण घ्यायचा नाही. चिंध्या बांधलेली कणसं वेगळी काढायची, वेगळी मळायची, दाण्यात राख आणि कडुनिंबाचा पाला कालवून मडक्यात भरायचं, तोंड शेणामातीने लिंपून मडकं शिंक्यात तुळईला टांगायचं. पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. लावलाच तर थोरल्याशी गाठ होती.

मग तो मोठा दुष्काळ पडला. आधी विहिरी गेल्या, मग कडबा गेला, मग एक बैल गेला. घरातलं धान्य संपल्यावर थोरल्याची बायको तांदुळजा, कुर्डू, मिळेल तो पाला आणून शिजवायची. पाला संपल्यावर चिंचोके भाजून कुटायची. निवडुंगाची बोंडं खाऊन पोरीचं तोंड सुजलं होतं. बायको त्यात गरोदर. आणि डोक्यावर, तुळईला, ते मडकं.

तिने एकदाच मागितलं. “येक मूठ द्या. पोरीला आंबील करते.”

थोरला म्हणाला, “बी हाय ते.”

त्यानंतर तो मडक्याखालीच झोपायला लागला. पोरगी गेली तेव्हाही तो तिथेच झोपलेला होता.

दादा इथे थांबायचे, पाणी प्यायचे. पुढचा भाग त्यांचा आवडता. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि पंचक्रोशीत बी होतं ते फक्त थोरल्याच्या घरात. शेजाऱ्याचा एक बैल जोडीला घेऊन त्याने पाभर धरली. पाभरीच्या वरच्या वाडग्यात, ज्याला चाडं म्हणतात, मूठमूठ बी सोडत मागून चालायला बायकोच लागायची. ती बाळंतपणातून नुकती उठलेली. नवं पोर झोळीत बाभळीला टांगलेलं. जे दाणे तिला पोरीच्या तोंडात घालता आले नव्हते ते तिने दिवसभर आपल्या हाताने जमिनीत सोडले, आणि एकही बाहेर सांडू दिला नाही. पीक असं आलं की थोरल्याने घराघराला मापाने बी वाटलं. “पुढं गावात जी ज्वारी खाल्ली गेली ती समदी आपल्या मडक्यातली,” दादा म्हणायचे. गोष्ट संपली.

माझ्या मते संपायची नाही. मी विचारायचे, पोरीचं नाव काय होतं? दादांना माहीत नव्हतं. त्यांना ही गोष्ट त्यांच्या आजोबांनी सांगितली, म्हणजे झोळीतल्या त्या पोराने. त्यालाही बहिणीचं नाव कधी कळलं नाही, कारण सांगणार कोण? थोरला त्या विषयावर बोलायचा नाही, बायकोने ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही, आणि थोरल्याशी तर ती बोलायचीच नाही. पेरणीच्या दिवशी संध्याकाळी तिने हात धुतले आणि नवऱ्याशी जन्माचं तोंड शिवलं. त्याच घरात राहिली, त्याच्या शेतात राबली, त्याला वाढलं, त्याच्या दुखण्यात उशाशी बसली, पण शब्द नाही. सगळा निरोपांचा कारभार पोराकडे. “तुझ्या बाला म्हणावं जेवाण वाढलंय.” बा दोन हातांवर बसलेला. तो ऐकायचा, तरी पोराने येऊन सांगेपर्यंत उठायचा नाही. हे दादा दोघांचे आवाज काढून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. मीसुद्धा. आई हसायची नाही, पण तिची भाकरी करपायला आलेली असायची म्हणून असेल असं मला वाटायचं.

त्या बाईने आणखी एक केलं. नवी ज्वारी आली की पहिली भाकरी बाहेरच्या एखाद्या लहान मुलीला द्यायची. घरातल्या नाही, बाहेरच्या. कारण कोणाला सांगितलं नाही, नुसतं करत राहिली, आणि तिच्यामागे सुनांनी ते चालवलं. आमच्याकडे त्याला लेकीचा घास म्हणतात. माझ्या लहानपणी जयपुरात आमच्या गल्लीतल्या कुठल्यातरी गुड्डी-पिंकीला ती भाकरी तूप-गूळ लावून मिळायची आणि मी, घरची म्हणून, दारात फुरंगटून उभी असायचे.

जयपूर कुठून आलं ते सांगायला हवं. दादा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात लागले आणि बदल्यांवर बदल्या होत इथे येऊन टेकले. तेवढ्यात तिकडे गावाकडे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, भाऊबंद पांगले. शेत गेलं म्हणून दादा रडल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे मडकं होतं ना. ते त्यांनी दर बदलीला मांडीवर घेऊन आणलं, सामानाच्या डब्यात नाही, आणि जातील तिथल्या रेल्वे क्वार्टरमागे ती ज्वारी पेरली. निवृत्तीनंतर खातीपुऱ्यात स्टेशनाजवळ दोन खोल्या बांधल्या, त्यासुद्धा मागे सहा-सात खाटा मावतील एवढी जमिनीची पट्टी सोडून. त्या पट्टीत दर वर्षी थोरल्याची ज्वारी.

इथली माती रेताड, थंडी भलती. आपल्याकडे शाळू दसऱ्याच्या सुमाराला पेरतात, दादा पोळा झाला की पेरायचे, म्हणजे थंडी हाडात शिरायच्या आत दाणा भरतो. गवळ्याकडून शेणखत स्कूटरवर आणायचे. मडक्यात घालायला राख हवी तर घरात गॅस, म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी चौकातली राख डब्यात भरून आणायचे. शेजारीपाजारी विचारायचे, “अंकलजी, गाय कब ला रहे हो?” ज्वारी म्हणजे इथे गुरांची वैरण. कणसांवर पोपटांची धाड पडू नये म्हणून आई जुन्या झंपरांच्या पिशव्या शिवून एकेका कणसावर बांधायची. ते शेत वाऱ्यावर हलायला लागलं की बायकांची सभा भरल्यासारखं दिसायचं. चांगल्या कणसांना चिंधी बांधायचा दिवस आला की दादा थोरल्यासारखे उपाशी राहायचे. खायची ज्वारी होळीपर्यंतच पुरायची, उरायचं ते मडक्यातलं बी. मडकं एकच. दुसरं ठेवा म्हटलं तर म्हणायचे, दोन झाली की माणूस निष्काळजी होतो.

मी लग्न होऊन जयपुरातच मुरलीपुऱ्यात आले, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या बाल्कनीत तुळस धड जगत नाही, तेव्हा बी माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. पण दर रविवारी मी खातीपुऱ्यात असायचे, आणि पट्टीकडे बघितल्याशिवाय दादा मला चहा प्यायला बसू द्यायचे नाहीत.

गेल्या आषाढात दादांना न्यूमोनिया झाला. छातीत पाणी झालं, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या वयात काही सांगता येत नाही. मी ते आईला सांगितलं. तिने विचारलं, “मतलब?” एवढी वर्षं इथे काढून तिच्या बोलण्यात हे मतलब घुसलंय. मी म्हटलं, मतलब तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलात आली तेव्हा हातात रिकामा स्टीलचा डबा होता. मला वाटलं देवळातून आली.

देवळातून नव्हती आली. जयपुरात राहिलेल्याला सांगायला नको, इथे सकाळी चौकाचौकांत कबुतरांना दाणे घालतात. चुग्गा म्हणतात त्याला. माणसं पुण्य म्हणून घालतात, नवस म्हणून घालतात, गेलेल्या माणसासाठी आणि जाऊ घातलेल्या माणसासाठीही. आईला शेजारच्या भाभीजी म्हणाल्या होत्या, “माताजी, चुग्गा डालो. बाज़ार का तो सब डालते हैं। घर का धान हो, अपने खेत का, तो बात ही और है।” भाभीजींच्या मनात काही नव्हतं. त्यांना वाटलं असेल सगळ्यांच्याच घरी गावाकडून पोतं येतं.

आमच्या घरात आपल्या शेतातलं असं एकच धान होतं.

आईने स्टूल घेऊन मडकं उतरवलं. लिंपण फोडलं. राख चाळून काढली, कडुनिंबाचा पाला वेचून काढला, आणि रोज सकाळी थोडे थोडे करत सगळे दाणे स्टेशनाजवळच्या चबुतऱ्यावर घातले. दादा हळूहळू सुधारायला लागले. आईच्या हिशेबाने जसजसं मडकं उतरत गेलं तसतसे सुधारत गेले. डॉक्टरांच्या हिशेबाने औषध लागू पडलं. कोणाचं खरं ते मी ठरवत बसत नाही. दादा उठून बसले, पेज मागितली, श्रावणात घरी आले.

घरी आल्यावर चार दिवसांनी ते खाटेवर बसून मागच्या दाराकडे बघत होते. पट्टीत गवत माजलं होतं. आई डाळ निवडत होती, मी शेजारी बसले होते.

“मडकं काढा खाली,” दादा म्हणाले. “पोळा आला.”

आईने मान वर केली नाही. “रिकामं हाय.”

“म्हंजे?”

“पाखरांना घातलं. तुमच्यासाठी.”

दादा हसले. खरंच हसले, थट्टा वाटली त्यांना. मग माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं, माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं की ही थट्टा नाही. मी स्टुलावर चढले. मडकं घासूनपुसून पालथं ठेवलेलं होतं. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला.

“समदं?”

“समदं.”

“आगं, येक मूठ तरी ठिवायची.”

“ठिवली असती,” आई म्हणाली, “तर तुमी बी अर्धेमुर्धेच आला असता.”

दादांनी मडकं खाली ठेवलं. ‘येक मूठ तरी ठिवायची’ हे त्यांचं आईशी बोललेलं शेवटचं वाक्य.

पहिले काही दिवस मला वाटलं धक्का बसलाय, निवळेल. एका रविवारी गेले तर दादा म्हणाले, “तुझ्या आईला सांग, चहात साखर कमी घाल.” आई तिथेच उभी होती, हातात पातेलं घेऊन. तिने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं तिच्याकडे. आम्हा दोघींनाही एकाच वेळी झोळीतला तो पोरगा आठवला, आणि आता कोणाला हसू येईना.

मी तशी तापट आहे. माझा नवरा म्हणतो, राग तुझ्या नाकावर भाडेकरू म्हणून नाही, मालक म्हणून राहतो. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादांच्या खाटेसमोर खुर्ची ओढली आणि जे मनात होतं ते सगळं काढलं. म्हटलं, थोरल्याने पोटची पोर मरू दिली तर त्याची तुम्ही आरती ओवाळता, आणि आईने तुम्हाला जगवलं तर तिच्याशी तोंड शिवता? मडकं मोठं का माणूस मोठं? आयुष्यभर पिशव्या कोणी शिवल्या तुमच्या कणसांना? मी बरंच बोलले. काही बोलू नये तेही बोलले.

दादा माझं पुरतं होईपर्यंत ऐकत राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले, “ती पोरगी कशापायी मेली मग?”

मला कळलं नाही.

“बी ऱ्हावं म्हणून मेली ना? तवापासनं ते ऱ्हायलं. दर साली उगवलं. ते उगवलं की मला वाटायचं, चला, पोर फुकट न्हाई गेली.” त्यांचा श्वास लागत होता. “आता बी न्हाई. मग ती उगाच मेली. आन माझ्या म्हाताऱ्या जिवापायी.”

इतकी वर्षं मी समजत होते की दादांना त्या पोरीचं काही वाटत नाही, त्यांना फक्त थोरल्याचा डौल आवडतो. दर वर्षी खुरपं घेऊन त्या पट्टीत बसणारा हा माणूस कोणाला राखत होता ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी खुर्चीवरच रडायला लागले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण ते सांगायचं काम आता माझं होतं.

आईने ओट्याला टेकून ऐकलं. “त्यांना सांग,” ती म्हणाली, “तवा ते कुणाच्याच पोटात गेलं न्हाई. आता कुणाच्या तरी गेलं. त्या पोरीला बरंच वाटलं आसंल.”

मी तेही जाऊन सांगितलं. दादांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी एक प्रयत्न केला. सोलापुरात दादांचा एक चुलत पुतण्या आहे, त्याला फोन लावला. थोरल्याची ज्वारी कोणाकडे असेल का रे? तो म्हणाला, “ताई, आता कोण ठेवतंय घरचं बी? दुकानातनं पिशवी आणायची, पेरायची. तुमच्याकडंच असल की, काका लई जपायचे.” मी फोन ठेवला. नंतर त्याने आपल्याकडच्या चांगल्या शाळूची एक पुडी पाठवली, आणि ती मी दादांसमोर धरली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्याची लेक आणून मांडीवर ठेवावी तसं ते झालं असतं.

पोळा गेला, दसरा गेला. कार्तिकात आईने पट्टी खणून मेथी टाकली. मी म्हटलं, आई, हे कशाला? ती म्हणाली, रिकामी जमीन बघवत न्हाई त्यांना. मेथी आली, दादांनी खाल्ली. आवडली की नाही ते मला सांगितलं नाही, म्हणून मीही तिला सांगू शकले नाही.

त्या हिवाळ्यात आई वाळत गेली. दादा तिच्यावर ओरडले नाहीत, ताट भिरकावलं नाही, काही नाही. ती औषध हातावर ठेवायची, ते घ्यायचे. ती पाठ चोळून द्यायची, ते वाकून बसायचे. नुसता आवाज नाही. मला फोन करून ती असल्या गोष्टी सांगायची की माझा जीव गलबलायचा. “आज गजक आणली व्हती. त्यांनी आर्धी ठिवली ताटलीत. माझ्यासाठी ठिवली आसंल का गं?” मी म्हणायचे, असेल. त्यांचे दात राहिले नव्हते आणि गजक, तिळगुळाची ती इथली वडी, कडक असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

एकदा तिने स्पष्टच बोलून दाखवलं. कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “मला काय नगं. मरायच्या आधी येकदा माझ्याशी बोलले म्हंजे झालं. शिव्या दिल्या तरी चालतील.” मी हे दादांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. ओठ हलले, पण मी कान जवळ नेला तेव्हा ते म्हणाले, “तोंडातनं येत न्हाई गं.” मी विचारलं, राग आहे का अजून? मान हलवली, नाही. मग काय आहे? ते त्यांना सांगता आलं नाही. मला वाटतं एकदा गप्प बसलं की बोलायला पहिला शब्द कोणता घ्यायचा हेच माणसाला सापडत नाही. थोरल्याच्या बायकोचंही तसंच झालं असेल.

फाल्गुनात पुन्हा छाती भरली. पुन्हा तेच हॉस्पिटल. या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं नाही, तिथेच बोलले. मी आणि आई आळीपाळीने थांबायचो. त्या दिवशी सकाळी आई आंघोळीला घरी गेली होती आणि मी उशाशी होते. ऊन खिडकीतून त्यांच्या पायांवर आलं होतं. दादांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, आणि नाकावरची नळी हाताने बाजूला करून म्हणाले, “तुझी आई कुठाय?”

“घरी गेलीय. येईल.”

“बोलाव तिला.”

मी म्हटलं, काय निरोप आहे, मी सांगते.

“निरोप न्हाई,” दादा म्हणाले. “मला बोलायचंय.”

फोन आधी लागेना. लागला तेव्हा आईला सांगितलं, दादा तुला बोलावतायत. ती म्हणाली, “मला? तुला आईकायला चुकलं आसंल.” मी ओरडले, नाही चुकलं, तुझ्याशी बोलायचंय म्हणतायत, नीघ लवकर.  मग म्हणाली, “आले.”

मी जाऊन सांगितलं, येतेय. दादांनी मान हलवली आणि दाराकडे डोळे लावले. मी मधूनमधून पाणी लावत होते ओठांना. त्यांना माझ्याशी काही बोलायचं नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. खातीपुऱ्याहून रिक्षाला वेळ लागतो, तेवढा गेला. त्याच्या वर आणखी गेला. मी पुन्हा फोन केला, आईने उचलला नाही. दादांचा श्वास बदलला तेव्हा मी नर्सला हाका मारल्या. माणसं आली, मला बाहेर काढलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा आत बोलावलं. डोळे दाराकडेच होते. नर्सने मिटले.

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला आई दिसली. लांबलचक वऱ्हांड्यातून येत होती. तिने न्हाऊन केस विंचरले होते. मोठं कुंकू लावलं होतं. दोन्ही हातांत बांगड्या भरल्या होत्या, आणि नेसली होती ते इरकली लुगडं, दादांनी पहिल्या पगारात घेतलेलं. ती नऊवार नेसायची सवय कधीच सुटलेली. जुनं कापड फाटेल म्हणून जपून, कासोटा सावरत, हळू चालत होती. त्याला वेळ लागला होता. नवऱ्याने इतक्या महिन्यांनी बोलायला बोलावलं होतं, घरातल्या पातळावर कशी येईल ती?

माझ्या जवळ आली तेव्हा तिला धाप लागली होती. “काय म्हनाले? रागात म्हनाले का साधं?”

“साधं,” मी म्हटलं. मग मला पुढे सांगावंच लागलं.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा टेकली. वाटलं आता खाली बसेल. पण नाही. पदर डोक्यावरून घेऊन ती आत गेली. नर्स चादर वर ओढत होती, तिला तिने खुणेने थांबवलं. स्टूल खाटेला लावलं, बसली, आणि दादांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आले मी,” ती म्हणाली. “बोला आता.”

आणि मान किंचित त्यांच्याकडे कलती करून ती बराच वेळ ऐकत बसली.